चाचणी अधिकाऱ्याची सही

बरेच दिवस इकडे फिरकलो नव्हतो. ब्लॉग बंद केला का, असं दोघा-तिघांनी विचारलंही. बंद नाही केला, लिहायला काही सुचत नव्हतं इतकंच. परवा उदगीरला आत्याकडे गेलो आणि तिथं विषय मिळाला.

जेवणं झाली. ओसरीत सगळे पसरलो होतो. आत्यानं सुपारी कातरत विचारलं, "तू आता पुण्यात नेमकं काय काम करायलास रे?"

म्हटलं, "आत्या, आता मी स्वतः फारसं लिहीत नाही. एजंट लिहितात, मी तपासतो."

तिचा अडकित्ता थांबला. "एजंट? तहसीलच्या बाहेर स्टँपपेपर घेऊन बसतात तसले?"

पोरं खो-खो हसली. मग तिला समजावलं, की हे एजंट म्हणजे माणसं नव्हेत. एआयवर चालणारे प्रोग्रॅम आहेत. त्यांना काम सांगायचं, ते सॉफ्टवेअर लिहून आणतात. एक खिडकी असते, तिच्यात त्यांचं काम येऊन पडतं. काय काढलं ते लाल, काय घातलं ते हिरवं. मी ते बघायचं आणि 'मंजूर' किंवा 'दुरुस्त करा' दाबायचं.

आत्या म्हणाली, "म्हणजे गिरदावर झालास की! अण्णासारखा."

सगळे पुन्हा हसले, मीही हसलो. पण लातूरहून पुण्याच्या गाडीत बसल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण ते बरोबर होतं. आणि आत्याच्या तोंडून ते यावं याला आमच्या घरात एक कारणही आहे. ते पुढं येईलच.

नवीन पोरांना गिरदावर हा शब्द माहीत नसेल. अण्णा, म्हणजे माझे आजोबा, महसूल खात्यात गिरदावर होते. नंतर या पदाला सर्कल इन्स्पेक्टर म्हणू लागले, आता मंडळ अधिकारी म्हणतात. पण आमच्याकडे नांदेड-लातूरच्या खेड्यांत जुनी माणसं अजून गिरदावरच म्हणतात. पटवाऱ्यानं लिहायचं आणि गिरदावरानं तपासायचं. गिरदावराची नोकरी म्हणजे दुसऱ्यानं केलेलं काम बघणं.

ही लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा अशी पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. निजामाच्याही आधीपासून गावात कुलकर्णी आणि परगण्याला देशपांडे होता. कुलकर्ण्यानं गावचा हिशेब लिहायचा, देशपांड्यानं परगण्याचं दफ्तर ठेवायचं. एकाच जमिनीची माहिती दोन ठिकाणी असली की एकाला परस्पर खाडाखोड करणं अवघड जातं. दोघं मिळाले तर गोष्ट वेगळी, आणि ते मिळतही असत. पण कल्पना तीच.

पुढं सालारजंगानं १८६५ च्या सुमारास हैदराबाद संस्थानात जिल्हाबंदी केली. तालुकदार, तहसीलदार, गिरदावर, पटवारी अशी उतरंड तयार झाली. तालुकदार म्हणजे आताचा कलेक्टर. १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदा आला. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९०७. या कारभारात एक मोठी गंमत होती. गावचे कागद बहुतेक मोडीत, मराठीत. वरच्या कचेरीचा कारभार मात्र १८८० च्या दशकापर्यंत फारसीत आणि नंतर उर्दूत. म्हणजे ज्यानं लिहिलं त्याची लिपी तपासणाऱ्याला येईलच असं नाही, आणि ज्याच्या जमिनीबद्दल लिहिलं त्याला यातली एकही येत नाही.

अण्णांचं शिक्षण उर्दूतून झालेलं. मोडी घरची. त्यामुळे पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ नंतर, त्यांना महसुलात नोकरी मिळायला वेळ लागला नाही. दोन्हीकडचे कागद वाचू शकणारा माणूस कचेरीला हवाच होता.

तो काळही तसाच धामधुमीचा होता. १९५० साली हैदराबादचा कूळ कायदा झाला. जमीन कुणाच्या नावावर आणि प्रत्यक्ष कसतो कोण, हे शोधून लिहिणं भाग पडलं. मग १९५४-५५ ची ती प्रसिद्ध खासरा पाहणी. आजही मराठवाड्यात जमिनीचा जुना वाद निघाला की वकील पहिलं विचारतो, "खासरा पत्रक काढलंत का?" २०२३ साली मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हाही हीच खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, कुळाच्या नोंदवह्या बाहेर आल्या. आणि मग मोडी आणि उर्दू वाचणारे शोधत फिरायची वेळ आली. सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी बांधावर उभं राहून लिहिलेली एक ओळ आज एखाद्या पोराच्या दाखल्यासाठी उपयोगी पडते. लिहिणाऱ्याला तेव्हा याची कल्पनाही नसेल.

अण्णा त्या खासरा पाहणीत होते आणि पुढं गिरदावर झाले. त्यांच्या दोन सवयी घरात सगळ्यांना पाठ आहेत. एक, कुठल्या दिवशी कुठल्या गावी जाणार हे ते पटवाऱ्याला कधीच सांगत नसत. दोन, शेतात गेल्यावर मालकाला विचारत नसत. बांधाच्या पलीकडच्या शेजाऱ्याला विचारत. "मालक त्याला पाहिजे ते सांगतो, पटवारी त्यानं लिहिलं ते सांगतो, शेजाऱ्याला दोन्हीचं काही देणंघेणं नसतं," असं म्हणायचे. आणि कधीकधी असतं, तेव्हा दुसऱ्या बांधाच्या शेजाऱ्यालाही विचारायचं!

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातून उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये आले. नांदेडचे मुधोळ-भैंसा आंध्रात गेले. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला तेव्हा उदगीर लातुरात आलं. म्हणजे आत्याच्या सासरचं शेत जागचं हललं नाही, पण त्याचे कागद तीन जिल्ह्यांत फिरले. प्रत्येक वेळी कुणीतरी जुन्यावरून नवीन उतरवून घेतलं. आणि जिथं नक्कल तिथं चूक, हे काही मी वेगळं सांगायला नको.

आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका, इथंच खरी गंमत आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. आपण सातबारा म्हणतो तो म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. पण सातबाऱ्याच्या मागं असते ती फेरफार नोंदवही, गाव नमुना सहा. जमीन विकली, वाटली, कुणी वारलं, की तलाठ्यानं आधी इथं नोंद करायची. या नमुन्यात चार रकाने आहेत. नोंदीचा क्रमांक, मिळालेल्या हक्काचं स्वरूप, कुठल्या गटावर परिणाम होतो ते, आणि चौथा रकाना तपासणाऱ्याचा. त्या माणसाला तिथं 'चाचणी अधिकारी' म्हटलंय. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला टेस्टिंग म्हणतो तो शब्द आमच्या तलाठ्याच्या वहीत आधीपासून छापलेला होता.

पद्धत अशी. फेरफार लिहिला की सातबाऱ्यावर ती नोंद पेन्सिलीनं करायची. मग हितसंबंध असणाऱ्यांना नोटीस द्यायची, चावडीवर लावायची. हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं. हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत लिहून सुनावणी घ्यायची. नाही आली तर मंडळ अधिकाऱ्यानं खात्री करून सही करायची. त्यानंतरच पेन्सिलीची शाई व्हायची. जुन्या मालकाचं नाव खोडायचं नाही, कंसात टाकायचं. फेरफाराचा नंबर वर्तुळात लिहायचा. म्हणजे काय गेलं, काय आलं आणि कुठल्या हुकमानं, हे पन्नास वर्षांनीही कुणालाही दिसतं.

माझ्या खिडकीतलं लाल आणि हिरवं दुसरं काय आहे?

ही सही नुसती शोभेची नव्हती. कायद्याचं कलम १५७ सांगतं, की अधिकार अभिलेखातली प्रमाणित नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानायची. म्हणजे गिरदावरानं न बघता सही केली तर ते चुकीचं लिखाण त्या क्षणापासून खरं होतं. मग ते खोटं आहे हे सिद्ध करायचं ओझं ज्याचं गेलं त्याच्या डोक्यावर. कलम १५५ खाली लेखनातल्या चुका दुरुस्त करता येतात, अपील करता येतं. पण अर्ज, वकील, तारखा, गाडीभाडं... ज्यानं भोगलं त्याला विचारा.

सॉफ्टवेअरचा इतिहास याच्यापुढं लहान पोराएवढा. १९७६ साली आयबीएममधल्या मायकेल फेगन यांनी एक निबंध लिहिला. चार-पाच जणांनी एकत्र बसून दुसऱ्याचा कोड ओळीओळीनं वाचायचा, चुका नोंदवायच्या, अशी रीतसर पद्धत त्यांनी घालून दिली. पुढं लिनक्समध्ये लोक ईमेलनं एकमेकांचा कोड तपासू लागले. तिथं २००४ पासून एक नियम आहे, प्रत्येक बदलाखाली माणसानं आपल्या नावानं सही करायची. हे काम द्यायचा मला हक्क आहे आणि याची जबाबदारी माझी, अशा अर्थाची ती ओळ. २००८ मध्ये गिटहब आलं आणि पुल रिक्वेस्ट नावाचा प्रकार रूढ झाला. बदल आधी बाजूला ठेवायचा, दुसऱ्यानं बघायचा, मंजूर केला की मुख्य प्रतीत घ्यायचा. आमची पेन्सिल आणि शाई!

इथपर्यंत लिहिणारा माणूस आणि तपासणाराही माणूस. दोघांचा वेग साधारण सारखा. मार्च २०२४ मध्ये डेव्हिन नावाच्या एजंटची घोषणा झाली. २०२५ मध्ये गिटहबनं स्वतःचाच एजंट आणला, इतरांचेही आले. सांगितलेलं काम ते करतात, पुल रिक्वेस्ट उघडतात आणि तपासणाऱ्याची वाट बघत बसतात. रात्री बसत नाहीत, जेवत नाहीत, रुसत नाहीत. सकाळी खिडकी उघडली की माझ्यासमोर कामांचा ढीग. तो उपसता यावा म्हणून तपासणीची नवी साधनं आली. बदलाचा सारांश, कुठं धोका वाटतो त्याच्या खुणा, किती चाचण्या पास झाल्या त्याच्या हिरव्या टिका. वर आणखी एक एआय, जो पहिल्या एआयचं काम माझ्याआधी तपासून शेरा लिहून ठेवतो. एका पटवाऱ्याच्या जागी पन्नास पटवारी, आणि गिरदावर एकटा. शेत लांब, सायकल पंक्चर, पण कचेरीत बसल्या बसल्या सगळं छान टाईप केलेलं समोर येतं.

अशा वेळी काय होतं ते अण्णांच्या खात्यानं आधीच बघून ठेवलेलं आहे. ढीग वाढला की सही टेबलावर होते.

आता आमच्या घरची गोष्ट. आत्याची परवानगी घेऊन लिहितोय.

आमचं गाव नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या शिवेवर. अण्णा गेल्यावर वारसाचा फेरफार झाला. त्यात मोठी आई, म्हणजे आजी, मग बाबा, काका आणि आत्या, अशी चार नावं लागली. आत्याचं नाव आमच्याकडच्या पद्धतीनं लिहिलेलं. आधी तिचं नाव, मग 'भ्र.', मग मामांचं नाव. भ्र. म्हणजे भ्रतार. आडनाव नाही. लोकांनी तिला हक्कसोड करून दे म्हणून पुष्कळ सांगितलं, पण तिनं केली नाही. "अण्णानं दुसऱ्याच्या पोरींची नावं लावली, माझं मी कशाला काढू?" एवढंच म्हणाली. बाबा आणि काका थोडे दिवस घुश्शात होते. मग विषय मागं पडला.

नंतर सातबारे संगणकावर चढले. राज्यभरचे हस्तलिखित उतारे बघून कुणीतरी टाईप केले. ते अफाट काम होतं आणि ज्यांनी केलं त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण आमच्या गटाच्या उताऱ्यात चार नावांची तीन झाली. आत्याची ओळ गळाली. मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. वरच्या ओळीवरून नजर खालच्या ओळीवर घसरली असणार.

आणि आता खरी गोष्ट. तो उतारा आम्ही घरात दरवर्षी काढत होतो. सोसायटीच्या कर्जाला, पीकविम्याला. बाबांनी बघितला, काकांनी बघितला. मी, सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारा माणूस, मीही दोनदा बघितला. कुणालाच दिसलं नाही. मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलंय, की दिसलं नाही की बघितलंच नाही? आमची तीन नावं बरोबर होती. आमचं काही कमी झालं नव्हतं. उलट... असो.

२०१७ साली सरकारनं चावडी वाचनाची मोहीम काढली. संगणकातले सातबारे हस्तलिखिताशी जुळवायचे आणि गावात लोकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवायचे. चूक असेल तर लोकांनी सांगायची, मग दुरुस्ती व्हायची. आत्या तेव्हा माहेरी आली होती. चौथी शिकलेली बाई, चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही. ती बायकांत मागं बसून ऐकत होती. आमचा गट आला. तीन नावं वाचली आणि पुढचा गट सुरू झाला. आत्या उठून उभी राहिली.

"माझं नाव राहिलं."

सगळं गाव वळून बघायला लागलं. वाचणाऱ्यानं पुन्हा वाचलं, पुन्हा तीनच. आत्या म्हणाली, "मला वाचायला येत नसंल, पण माझं नाव आलं का न्हाई ते ऐकायला येतंय की." जुना फेरफार निघाला, त्यात चार नावं आणि खाली गिरदावराची सही. दुरुस्तीला आठ महिने लागले, पण झाली.

ती जो जुना कागद दाखवून जिंकली, त्याच्यावर तपासणाऱ्यानं खरोखर तपासून सही केलेली होती. आणि जी चूक तीन सुशिक्षित पुरुषांच्या हातून सुटली ती जिचं नुकसान होणार होतं तिनं एका वाचनात पकडली. या दोन गोष्टी मी त्या वेळी फार जोडून पाहिल्या नाहीत. पुण्याला परत आलो, कामाला लागलो.

जोडल्या गेल्या त्या मागच्या महिन्यात.

एका पतसंस्थेच्या सभासदांची माहिती जुन्या पद्धतीतून नव्यात न्यायची होती. एका एजंटनं काम चाळीस मिनिटांत आणून दिलं. एकसष्ट फाईलींत बदल. सगळ्या चाचण्या हिरव्या. सारांशात एक ओळ होती, 'नावांची वैधता तपासणी सुधारली.' तपासनीस एआयचा शेरा, काळजीचं कारण नाही. शुक्रवारची संध्याकाळ. मी सात मिनिटं बघितलं आणि मंजूर केलं.

एजंटनं केलं होतं असं, की ज्या नोंदीत आडनाव नाही ती अपूर्ण समजून वगळायची. आणि 'अपूर्ण नोंद वगळली जाते' अशी चाचणीही त्यानंच लिहिली होती. म्हणून ती हिरवी. ज्यानं लिहिलं त्यानंच खात्री करून घेतली, आणि मी त्या खात्रीवर सही केली. शंभरावर नॉमिनींची नावं गळाली. त्यांतल्या बहुतेक म्हाताऱ्या बायका. नाव, भ्र., नवऱ्याचं नाव, आडनाव नाही.

कुणी पकडलं? पतसंस्थेतल्या एका कारकून बाईंनी. एका आजोबांनी पावती मागितली आणि बायकोचं नाव कुठं गेलं म्हणून विचारलं. जुनी प्रत शाबूत होती, दोन दिवसांत सगळं परत लावलं, कुणाचे पैसे बुडाले नाहीत. साहेबही फार बोलले नाहीत. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. डोळ्यांसमोर आत्या उभी, माझं नाव राहिलं म्हणून. आणि मंजुरीखाली माझं नाव.

मी एजंटला दोष देऊ शकलो असतो. पण अण्णा कधी पटवाऱ्याला दोष देऊन सुटले नसते. चौथा रकाना त्यांचा होता.

१९८३ साली लिझॅन बेनब्रिज या बाईंनी स्वयंचलित यंत्रांबद्दल एक छान निबंध लिहिला होता. काम यंत्राकडे दिलं की माणूस नुसता लक्ष ठेवायला उरतो, आणि हातानं काम करायचं सुटलं की लक्ष ठेवायला लागणारी समजही हळूहळू जाते, असं त्यातलं म्हणणं. अण्णांना शेतात उभं पीक बघून खोटी नोंद कळायची, कारण त्यांनी स्वतः खासरा पाहणीत हजारो गट लिहिले होते. माझ्या हाताखालची नवी पोरं थेट तपासायलाच बसतात. त्यांनी कधी लिहिलेलं नाही. याचं काय करायचं हा मोठा प्रश्न आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

आपल्याकडचं एक ताजं उदाहरण मात्र सांगतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. पेरा आता शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवर नोंदवायचा, शेतात उभं राहून फोटो काढायचा. सगळं तपासायला तलाठी पुरणार नाही, म्हणून त्यानं दहा टक्के नोंदी तपासायच्या असं ठरलं. २०२२ मध्ये ॲपमध्ये गटाचा मध्यबिंदू घातला. फोटो शेतापासून लांब काढला तर तिथंच सूचना येते. ही पद्धत अगदी निर्दोष आहे असं नाही, तक्रारी असतातच. पण तिनं एक गोष्ट कबूल केली, की सगळं तपासता येणार नाही. मग यंत्राला जे जमतं ते यंत्रानं बघावं, आणि माणसानं थोडं बघावं पण शेतात जाऊन बघावं. शंभर टक्क्यांवर टेबलावरून सही करण्यापेक्षा हे बरं.

तर आम्ही आमच्या तपासणीच्या साधनात तीन बदल केलेत. दहा कामांपैकी एक चिठ्ठी टाकल्यासारखं निवडायचं, आणि सारांश न वाचता, खऱ्या माहितीवर चालवून बघायचं. कुठलं काम निघेल ते आधी कुणालाच कळत नाही (अण्णांची पहिली सवय). दुसरं, मंजूर करताना नुसतं बटण दाबायचं नाही. मी स्वतः काय बघितलं आणि काय नाही बघितलं ते दोन ओळींत लिहायचं. तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एखाद्या बदलानं नोंदी गळणार किंवा बदलणार असतील तर त्यांची साध्या मराठीतली यादी आधी तिथल्या माणसांकडे पाठवायची, ज्यांना ती नावं ओळखीची आहेत. त्यांची हरकत येईपर्यंत पेन्सिल. आमच्या टीममध्ये त्या पानाला आता सगळेच चावडी म्हणतात. त्यातल्या बंगाली पोरालाही शब्द आवडलाय.

यानं चुका थांबतील का? नाही. पण कुणाचं तरी नाव राहिलं हे सांगायला त्या माणसाला जागा तरी मिळेल.

लिनक्सवाल्यांनी आता आपल्या नियमांत एजंटांबद्दलही लिहून ठेवलंय. एजंटची मदत घ्या, मदत घेतल्याचं नोंदवा, पण खालची सही एजंटनं करायची नाही. ती माणसानंच करायची. वाचलं तेव्हा वाटलं, हे अण्णांना सांगायला हवं होतं. ते म्हणाले असते, "मग त्यात नवीन काय?"

असो. बरंच लांबलं. बाबांना एक सांगायचं राहिलं होतं ते इथंच सांगतो. आत्याची ओळ गळाली तेव्हा उतारा मीही पाहिला होता, तुम्ही एकटे नव्हता. ती चूक आपल्या दोघांची.

ता.क. - हा लेख टाकण्याआधी आत्याच्या नातीला पाठवला आणि म्हटलं, आजीला मोठ्यानं वाचून दाखव. अर्ध्या तासात फोन आला. आत्याची एक हरकत आहे. ती बायकांत मागं बसली नव्हती, पहिल्या ओळीत बसली होती. "मागं बसून कसं ऐकू आलं असतं रे?" दुरुस्ती मंजूर. वरचं मूळ वाक्य खोडलेलं नाही, तसंच ठेवलंय. कंसात समजावं.